रानातल्या गाठीभेटींचे नकाशे

(शब्दांकन करताना बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)

मागच्या व्याख्यानात आपण भुयारांचे नकाशे पाहिले. खोल्या, दारं, बोळ, जिने. आज आपण उजेडात येणार आहोत. रान, डोंगर, नदी, माळ अशा ठिकाणी खेळातल्या पात्रांची कुणाशी तरी गाठ पडते, तेव्हा त्या जागेचा नकाशा कसा आखायचा, हा आजचा विषय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण खेळ चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात आणि 'मी आता असं करतो' असं सांगत जातात. जे नक्की सांगता येत नाही त्याचा निवाडा फासे करतात. यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. आजची बहुतेक उदाहरणं त्यातलीच आहेत.

आणखी एक शब्द आधीच मोकळा करून घेऊ. या खेळात ज्याला 'एन्काउंटर' म्हणतात, त्याने आपल्याकडे भलतंच चित्र डोळ्यांपुढे येतं. एन्काउंटर म्हटलं की कोणी तरी मरणारच! खेळातला अर्थ तसा नाही. समोरासमोर येणं, एवढाच. समोरचा वाटसरू असेल, भुकेलं जनावर असेल, नाही तर वाट चुकलेला व्यापारी असेल. म्हणून आम्ही साधं 'गाठ' म्हणतो. गाठ पडली म्हणजे मारामारी झाली असं नाही, आणि आजचं सगळं विवेचन याच वाक्यावर उभं आहे.

भिंती नसल्या की काय होतं

भुयाराचा नकाशा आखणाऱ्याला भिंती फुकट मदत करतात. बोळाच्या टोकाला दोन दारं काढली की खेळाडूंपुढे आपोआप प्रश्न उभा राहतो: डावं की उजवं? दाराआडून आवाज येत असेल तर दुसरा प्रश्न: उघडायचं की नाही?

रानात दारं नाहीत. कुठूनही कुठेही जाता येतं. ऐकायला हे स्वातंत्र्य वाटतं, पण टेबलावर पुष्कळदा उलटं घडतं. हिरवा कागद, त्यावर इकडेतिकडे दहा-बारा झाडं, मध्ये राक्षस, कडेला खेळाडू. असा नकाशा समोर पसरला की सगळ्यांना कळतं, आता फासे टाकायचे आणि मारायचं. झाडं आहेत, पण ती कशासाठी आहेत कुणालाच माहीत नाही. ही हिरव्या रंगाची एक मोठी खोली झाली. तिला दार एकच, आणि तेही आता बंद.

यात नुकसान काय होतं ते नीट बघा. या खेळाची सगळी ताकद 'मी काय करतो' या वाक्यात आहे. खेळाडूने काहीही ठरवलं तरी पुढे तेच होणार असेल, तर त्याला टेबलाशी बसवून ठेवण्याला अर्थ नाही. त्याला गोष्टच ऐकवावी. रानात हा धोका जास्त, कारण तिथे पर्याय भिंतींनी दिलेले नसतात, ते आपल्याला आखावे लागतात. म्हणून आमचं म्हणणं असं, की रानाचा नकाशा लढाईच्या आधीच्या क्षणासाठी आखावा. लढायचं, टाळायचं, बोलायचं की वाट पाहायची, हे ज्यावरून ठरवता येईल तो खरा नकाशा.

दुसऱ्या खेळाचा उसना पट

थोडा इतिहास पाहू, कारण ही अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे कर्ते. पहिल्या पेटीत तीन छोट्या पुस्तिका होत्या. तिसऱ्या पुस्तिकेत भुयारांबरोबर रानातल्या प्रवासाचे नियम होते, पण रानाचा पट मात्र त्यांनी चक्क दुसऱ्या खेळाचा सुचवला. ॲव्हलॉन हिल या कंपनीचा 'आउटडोअर सर्व्हायव्हल' नावाचा खेळ १९७२ साली आला होता. रानात वाट चुकलेल्या माणसाने तग कसा धरायचा, असा त्याचा विषय. त्याचा पट षट्कोनी घरांचा. त्यावरची पाणवठ्याची खूण म्हणजे किल्ला समजा आणि इमारतीची खूण म्हणजे गाव समजा, असं पुस्तिकेत सांगितलं होतं.

गंमत बाजूला ठेवा आणि यातलं मर्म पाहा. जगण्यासाठी पाणी कुठे मिळेल, वाट कुठून जाते, या प्रश्नांवर तो पट आखलेला होता. म्हणजे निर्णयांचा नकाशा आधीच तयार होता, फक्त खुणांचे अर्थ बदलले.

पुढे १९८१ साली याच खेळाचा 'एक्स्पर्ट' संच आला. त्याच्या पेटीत 'द आइल ऑफ ड्रेड' नावाचं तयार साहस होतं, डेव्हिड कुक आणि टॉम मोल्डव्हे यांनी लिहिलेलं. एक अनोळखी बेट आणि त्याचे दोन नकाशे. गेम मास्टरच्या नकाशात सहा मैलांच्या षट्कोनांत डोंगर, जंगल, दलदल सगळं भरलेलं. खेळाडूंच्या नकाशात किनारा दिसतो, आतला भाग जवळपास कोरा. तो कोरा भागच खेळाडूंना पुढे ओढतो. रानाच्या नकाशात काय काढायचं इतकंच काय काढायचं नाही यालाही महत्त्व आहे, हे त्या बेटाने पुष्कळांना शिकवलं.

षट्कोन का, आणि सहाच मैल का

चौकोनी घरांत एक खोट आहे. सरळ शेजारच्या घरात जायला एक अंतर, आणि कोपऱ्यातून तिरकं गेलं तर साधारण १.४ पट. षट्कोनात सहाही शेजाऱ्यांची केंद्रं सारख्या अंतरावर. दिशा कोणतीही घ्या, मोजणी तीच. मोकळ्या रानात माणूस कुठल्याही दिशेला निघू शकतो, तिथे हे सोयीचं.

सहा मैल, म्हणजे साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. 'एक्स्पर्ट' संचाच्या नियमात हलक्या सामानाचा माणूस दिवसाला २४ मैल चालतो. म्हणजे मोकळ्या माळावर चार घरं. चांगल्या रस्त्यावर दीडपट, सहा घरं. दलदलीत निम्मं, दोन घरं. हिशेब बोटांवर होतो, आणि जो हिशेब बोटांवर होतो तोच टेबलावर टिकतो.

दुसरी सोय नजरेची. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज पावणेपाच किलोमीटरच्या आतच दिसतं, म्हणजे जवळपास तीन मैल. घराच्या मध्यभागी उभं राहिलं तर नजर साधारण घराच्या सीमेपर्यंत पोचते. पुढच्या घरात काय आहे ते बघायचं तर टेकडीवर चढायला हवं. झालं, टेकडीला काम मिळालं! नुसती तपकिरी खूण होती, तिच्यात आता एक निर्णय आला: वर चढण्यात वेळ घालवायचा की तसंच पुढे जायचं?

धोक्याचं गणित खेळाडूला कळू द्या

त्याच संचात दर दिवशी गाठ पडते का, हे सहा बाजूंच्या फाशावर ठरतं. मोकळ्या गवताळ भागात सहात एक शक्यता, जंगलात सहात दोन, दलदलीत सहात तीन.

आता एक उदाहरण मांडू. पलीकडच्या गावात तापाची साथ आहे आणि औषध पोचवायचं आहे. माळावरून वळसा घेतला तर बारा घरं, म्हणजे तीन दिवस. दलदलीतून सरळ गेलं तर चार घरं, दोन दिवस. माळावरच्या तीन दिवसांत निदान एकदा तरी गाठ पडण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के येते. दलदलीतल्या दोन दिवसांत ती ७५ टक्के. एक दिवस वाचवायचा तर धोका एवढा वाढतो. इथे बरोबर उत्तर नाही, आणि म्हणूनच टेबलावर वाद रंगतो. अजून एकही राक्षस आलेला नाही, तरी खेळ सुरू झालेला आहे.

एक पथ्य मात्र पाळा. हा फरक खेळाडूंना आधी कळला पाहिजे. टक्केवारी सांगू नका, गावातला म्हातारा सांगेल, "दलदलीतून गेलेले निम्मे परत आले नाहीत." धोका माहीत असेल तरच तो पत्करण्याला अर्थ येतो. नाही तर ती सोडत झाली.

कोणाशी गाठ पडणार याचा तक्ताही असाच विचार करून लिहावा. आम्ही दोन फाशांची बेरीज घेतो. दोन ते बारा, अकरा नोंदी. बेरीज सात येण्याची शक्यता ३६ मध्ये ६, आणि बारा येण्याची ३६ मध्ये १. म्हणून सातवर त्या रानाचा नेहमीचा रहिवासी ठेवा आणि बारावर ड्रॅगन. आणखी एक करा. दोन-तीन नोंदींवर प्राणी न ठेवता त्याच्या खुणा ठेवा: ताजी विष्ठा, ओरखडलेलं खोड, अर्धवट खाल्लेलं हरीण. खेळाडू सावध होतात, आणि तीच वाट धरायची की सोडायची हा निर्णय पुन्हा त्यांच्या हातात येतो.

टेबल पुरत नाही, ही चांगली गोष्ट

आता जवळच्या नकाशाकडे येऊ. लढाईच्या नकाशात सहसा एक इंचाचं घर म्हणजे पाच फूट. १९८१ च्या नियमाप्रमाणे उघड्यावर दोन्ही बाजू सावध असतील, तर चार फाशांची बेरीज गुणिले दहा यार्ड, इतक्या अंतरावर त्या एकमेकांना पाहतात. म्हणजे ४० ते २४० यार्ड. सरासरी १४० यार्ड, म्हणजे ४२० फूट. पाच फुटांची घरं मोजा: ८४ इंच, सात फूट लांब टेबल! आणि २४० यार्डांना बारा फूट.

थोडक्यात, रानातली सर्वसाधारण गाठ घरच्या टेबलावर मावतच नाही. बरेच जण यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंना ओढून कागदाच्या कडेशी आणतात, आणि नेमकं तिथेच टाळण्याचा, लपण्याचा, हाक मारण्याचा वेळ निघून जातो. त्यापेक्षा गाठ दोन टप्प्यांत घ्या. पहिला टप्पा बोलून, फार तर एका कागदावर चार रेघा ओढून: काय दिसतंय, किती लांब, वारा कुठला, मध्ये काय आहे. खेळाडू जवळ जायचं ठरवतील तेव्हाच दुसरा, घरांचा नकाशा पसरा. दबा धरून बसलेल्यांनी गाठलं तर गोष्ट वेगळी. तिथे अंतर १० ते ४० यार्ड, आणि ते टेबलावर आरामात बसतं.

एक नकाशा आखून पाहू

समजा नदीचा उतार आहे, जिथून पायी ओलांडता येतं. पलीकडच्या काठावर लांडग्यांच्या कळपाने सांबर मारलंय. आपल्या मंडळींना पलीकडे जायचंय. नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४ चे.

कागद उचलण्याआधी विचारायचं: हे लांडगे इथे का आहेत? शिकारीमुळे. त्यांना काय हवंय? निवांत खायला. म्हणजे ते पाठलाग करणार नाहीत, पण शिकारीजवळ आलेल्याला सोडणारही नाहीत. एवढं ठरलं की नकाशा निम्मा झाला.

पहिला टप्पा: मंडळी टेकाडाच्या सोंडेवरून उतरताहेत. नदी दीडशे यार्डांवर. पलीकडे गिधाडं घिरट्या घालताहेत. लांडगे अजून दिसत नाहीत. वारा पाठीवर आहे. लांडग्यांचं नाक तीक्ष्ण, नियमांतही त्यांना वास आणि आवाज ओळखण्यात सवलत आहे. वारा पाठीवर म्हणजे आपला वास आपल्याआधी पोचणार. हे सांगून थांबा. खेळाडूंना विचार करू द्या.

दुसरा टप्पा: ३६ बाय २४ घरांचा कागद, म्हणजे १८० बाय १२० फूट. मधून नदी, नऊ घरं रुंद. उतारावर पाणी गुडघाभर, पण चालायला अवघड, म्हणून प्रत्येक घराला दुप्पट चाल लागते. तीस फूट चालणारा माणूस एका फेरीत तीनच घरं पुढे जाईल. नदी पार करायला तीन फेऱ्या. तेवढ्या वेळात चाळीस फूट धावणारा लांडगा काठ गाठून वाट बघत बसेल. म्हणून उताराने सरळ जाणं ही एक वाट, पण महाग.

वरच्या अंगाला नदीवर आडवं पडलेलं झाड. पाण्यात पाय नाही, पण तोल सांभाळावा लागेल, आणि एका वेळी एकच जण जाऊ शकेल. ते झाड पलीकडे एका कातळाला टेकतं. कातळावर चढायला एकच अरुंद जागा. ही जागा उगीच नाही. लांडग्याचा साथीदार सावजाच्या जवळ असेल तर त्या लांडग्याचा हल्ला नियमाने सोपा होतो. अरुंद जागेत कळपाला एकत्र येता येत नाही. ज्याने रानात जनावरं पाहिलीत, किंवा नुसता नीट विचार केला, त्याला ही जागा सापडते.

खालच्या अंगाला लव्हाळी. तिथे लपता येतं, पाणी खोल आहे, सामान भिजेल. शिवाय तिकडून लांबचा वळसा पडतो आणि शिकार ऐंशी फुटांवर राहते. हळू गेलं तर लांडगे गुरगुरतील, उठणार नाहीत.

शेवटी एक गोष्ट काळाची. पलीकडे झाडीत अस्वल आहे, त्यालाही सांबराचा वास आलाय. मंडळी नुसती थांबली तर दहा मिनिटांनी तेच लांडग्यांशी भांडायला येईल. वाट पाहणं हासुद्धा मग एक डाव ठरतो.

आता मोजा. झाड, कातळ, लव्हाळी, वारा, अस्वल. नकाशावर पाचच गोष्टी, पण प्रत्येकीमुळे कोणाचा तरी बेत बदलतो. जिच्यामुळे कोणाचाही बेत बदलत नाही ती गोष्ट शोभेसाठी जरूर काढा, पण तिच्यावर तास घालवू नका.

आपले शब्द वापरा

मराठीत खेळ चालवणाऱ्यांच्या हाताशी एक साधन आयतं आहे. 'जंगल' आणि 'डोंगर' एवढ्यावर थांबू नका. पाणंद म्हटलं की दोन्ही बाजूंना बांध आणि कुंपण, बाजूचं काही दिसत नाही, पळायला पुढे किंवा मागेच. सडा म्हटलं की उघडा कातळ, लपायला जागा नाही, ऊन डोक्यावर. घळ, सोंड, खिंड, राई, माळ, ओढा: या प्रत्येक शब्दात नजर कुठवर जाते आणि पाय कसा चालतो हे आधीच भरलेलं आहे. 'तुम्ही पाणंदीत आहात आणि पुढून बैलांच्या घुंगरांचा आवाज येतोय' एवढं म्हटलं तरी ऐकणाऱ्याच्या डोक्यात नकाशा उमटतो.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: प्रत्येक गाठीसाठी एवढा विचार करायला वेळ कुठून आणायचा?

उत्तर: प्रत्येकीसाठी करूच नका. एक उतार, एक खिंड, एक पाणवठा, एक माळ, एवढे चार नकाशे नीट आखून ठेवा. कागद फिरवला की दिशा बदलते. लांडग्यांच्या जागी नाका घालून बसलेले लुटारू आले की तोच उतार वेगळा प्रश्न विचारतो. मात्र 'हे इथे का आहेत' याचं उत्तर दर वेळी नवीन हवं. त्याला दोन मिनिटं लागतात.

प्रश्न: ऑनलाइन खेळताना तयार रंगीत नकाशे मिळतात. ते वापरावेत का?

उत्तर: जरूर. तिथे टेबलाच्या लांबीची अडचणही नाही. फक्त चित्र किती सुंदर आहे यापेक्षा त्यात किती वाटा आहेत ते बघून निवडा. आणि सगळा नकाशा एकदम उघडू नका. जेवढं पात्राला दिसतं तेवढंच दाखवा.

प्रश्न: एवढं सगळं आखलं आणि खेळाडू लांबूनच वळून निघून गेले तर? मेहनत वाया जाते ना?

उत्तर: नाही जात. त्यांनी गिधाडं पाहिली, वारा ओळखला, आपसात बोलले आणि वळले. नकाशाचं काम तिथेच झालं. त्यांना जाऊ द्या, हट्टाने लांडगे पुढच्या वळणावर आणून उभे करू नका. तसं एकदा केलंत की टेबलावरच्या सगळ्यांना समजतं, आपण काहीही ठरवलं तरी फरक पडत नाही. मग पुढच्या वेळी गिधाडांकडे कोणी मान वर करून बघणार नाही.